एकट्या मताचे मूळ चांदवडात

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मताने मंजूर केले. विरोधातले ते एकमेव मत स्वतंत्र भारत पक्षाच्या शरद जोशींचे. याच माणसाने नोव्हेंबर १९८६मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या चांदवडला शेतकरी महिलांचे विराट अधिवेशन भरवले होते. त्यामुळे अनेकांना ही कोलांटउडी वाटली. मला वाटते, या मताचा अर्थ लावायचा तर जोशींचे ‘चांदवडची शिदोरी’ हे पुस्तक सावकाश वाचायला हवे.

स्त्रीच्या दास्याचे मूळ जोशी पुरुषाच्या स्वभावात शोधत नाहीत, नुसत्या खासगी मालमत्तेतही नाही. ते थेट लुटीपाशी जातात. शेतात धान्य उरू लागले, ते लुटायला टोळ्या आल्या, पुरुषाच्या हाती शस्त्र आले आणि बाई जपायची, म्हणून कोंडून ठेवायची झाली. शेतमालाचा भाव पाडणे ही जोशींच्या लेखी त्याच लुटीची आजची तऱ्हा. म्हणून त्यांच्या मांडणीत कांद्याचा भाव आणि बाईचा उंबरठा शेजारी शेजारी येतात. हजारो वर्षांच्या इतिहासाला हे एकच कारण पुरेल, असे मला वाटत नाही. पण या लेखनाचे बळ वेगळेच आहे. या व्यवस्थेत पुरुषाचेही माणूसपण हरवले, असे ते म्हणतात तेव्हा नवरा-बायको एकमेकांचे वैरी उरत नाहीत. खेड्यातल्या बाईला संसार न मोडता बोलायला तोंड फुटते.

बर्नमधली युनिव्हर्सल पोस्टल युनियनची नोकरी सोडून जोशींनी चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेतली, १९७९मध्ये शेतकरी संघटना उभी केली. निर्यातबंदी आणि लेव्ही लादून सरकार शेतकऱ्याला देते त्याहून जास्त काढून घेते, याला ते ‘उणे सबसिडी’ म्हणत. त्यांना सरकारची मेहरबानी नको होती, बाजार मोकळा हवा होता. जागतिक व्यापार खुला करू पाहणाऱ्या डंकेल प्रस्तावाची आणि पुढे बीटी कापसाची बाजू त्यांनी घेतली ती याच हिशेबाने.

जोशींच्या ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत सक्ती नको हा विचार सातबाऱ्यावर उतरला. नवऱ्याने राजीखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे करायचा. कायद्याचा बडगा नाही, सरकारी योजना नाही. ज्या वावरात जन्मभर निंदणी-खुरपणी केली, त्याच्या उताऱ्यावर बाईचे स्वतःचे नाव. घरातल्या देण्याघेण्यातही सक्तीला जागा न ठेवणारा इतका सुसंगत उदारमतवादी आपल्या राजकारणात मला दुसरा दिसत नाही.

राज्यसभेतला आक्षेप याच पठडीतला होता. राखीव मतदारसंघ चिठ्ठ्या टाकून ठरणार आणि दर निवडणुकीला फिरणार. निवडून आलेल्या बाईला पुढच्या खेपेस तो मतदारसंघ राखीव मिळणार नाही, मग तिथे ती पाय रोवणार कशी? बाईच्या हाती टिकाऊ काही यावे, ही चांदवडचीच मागणी इथे बोलत होती. तरी पंचायतीतल्या फिरत्या आरक्षणाने अनेकींना राजकारणाचे दार उघडून दिले, याचे मोल जोशींनी कमी लेखले, असे माझे मत आहे.

ते विधेयक लोकसभेत अडकून बाद झाले. २०२३मध्ये नवा कायदा झाला. त्यातही राखीव जागा फिरत्याच आहेत, फक्त दर निवडणुकीऐवजी मतदारसंघांच्या प्रत्येक पुनर्रचनेनंतर.