पुरी, कढई आणि मंगळाची वाट

'मिशन मंगल' (2019) या हिंदी चित्रपटातल्या पुऱ्यांच्या दृश्याला माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी दाद दिली. तारा शिंदे तेल तापल्यावर गॅस बंद करते, उरलेल्या उष्णतेत पुऱ्या तळते. यानाचे इंजिनही तसेच अधूनमधून चालवायचे, असा तिचा युक्तिवाद. दृष्टान्त घरगुती आहे, लक्षात राहतो. माझा आक्षेप असा, की विज्ञान सोपे करण्याच्या नादात त्यातले नाट्यच गळून गेले आहे.

मंगळयानाची बचत इंजिन केव्हा बंद ठेवले यात नव्हती, कुठे पेटवले यात होती. पीएसएलव्हीला 1337 किलोचे यान थेट मंगळाच्या वाटेवर फेकणे शक्य नव्हते. म्हणून ते पृथ्वीभोवती लांबट कक्षेत फिरत राहिले. पृथ्वीच्या सर्वांत जवळ आले की त्याचा वेग सर्वाधिक; नेमके तिथे जाळलेले तेवढेच इंधन जास्त ऊर्जा देऊन जाते. कढईला असा जवळ-लांबचा बिंदू नसतो.

आणि तारीख? अनुकूल मांडणी साधारण 780 दिवसांनी एकदा येते. जर्मन अभियंता वॉल्टर होमान याने 1925 सालीच दाखवले होते, की दोन्ही ग्रहकक्षांना स्पर्श करणारी अर्धी लंबवर्तुळाकार वाट इंधनाला स्वस्त पडते. (वर्तमानपत्रे याला 'मुहूर्त' म्हणतात. मुहूर्त टळला तर दोष लागतो. इथे फक्त इंधनाचे बिल वाढत जाते, ते परवडेनासे होईपर्यंत.)

28 ऑक्टोबर 2013 चे उड्डाण पुढे ढकलावे लागले. पॅसिफिकमध्ये वादळी हवामानामुळे मागोवा घेणारे जहाज वेळेत पोचत नव्हते. यान निघाले 5 नोव्हेंबरला, भाऊबीजेच्या दुपारी. पृथ्वी सोडण्याची तारीख मात्र हलली नाही. मधल्या फेऱ्यांतले दिवस कमी झाले, इतकेच. 11 नोव्हेंबरला इंजिनाचा जोर कमी पडला. एक लाख किलोमीटरचे लक्ष्य असताना कक्षा 78,276 वरच थांबली. दुसऱ्याच दिवशी जादा ज्वलन करून ती तूट भरून काढली. पटकथाकाराला याहून काय हवे?

1 डिसेंबरच्या मध्यरात्रीनंतर, 12 वाजून 49 मिनिटांनी, इंजिन सुमारे 22 मिनिटे चालले. ज्या जागेचा नेम धरला होता तिथे त्या रात्री मंगळ नव्हताच. तो तिथे येणार होता 24 सप्टेंबर 2014 ला.