चाल जुनी, भांडण नवं

स्त्रीमुक्तीच्या गाण्यांच्या पुस्तिका उघडल्या की शीर्षकाखाली बरेचदा 'चाल' असं लिहिलेलं दिसतं आणि पुढे एखाद्या भजनाचं, भारुडाचं नाहीतर सिनेमातल्या गाण्याचं नाव. सोय उघड आहे. चाल बायांना आधीच पाठ असते, पेटी-तबल्यावाचून अडत नाही, दुसऱ्या कडव्याला सगळी सभा गाऊ लागते. ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' हे नाटक १९८३ पासून गावोगाव पोचलं, त्यात ओळखीच्या लोकचालींचा वाटा मोठा होता.

पण नुसत्या सोयीने गाणं उभं राहत नाही. उसन्या चालीतून जुना अर्थ ऐकू यावा आणि नव्या शब्दांनी त्याच्याशी भांडावं, तेव्हा ते अंगावर येतं. ओवीला हे फार आधी जमलं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभारलेल्या संग्रहात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. पहिला चरण कित्येकींच्या तोंडी जवळपास तोच. दुसऱ्यात बाई आपलं सासर, आपलं माहेर, आपला राग घालते. माजलगावच्या भीमनगरातल्या बायांनी तर राम-विठ्ठलाला आळवणाऱ्या त्याच छंदात बाबासाहेबांना बसवलं. चळवळीच्या कितीतरी गाण्यांत मात्र 'शोषण', 'अत्याचार' असे अहवालातले शब्द गोड चालीत कोंबलेले असतात. मात्रा तुटतात, चाल लंगडते, आणि भांडण होतच नाही.

अमेरिकेच्या नीना पॅली यांनी 'सीता सिंग्ज द ब्लूज' (२००८) या अ‍ॅनिमेशनपटात उलटी वाट धरली. अ‍ॅनेट हॅन्शॉ या गायिकेची १९२०च्या दशकातली प्रेमगीतं एक अक्षरही न बदलता त्यांनी सीतेच्या तोंडी दिली. पुरुषासाठी झुरणारे ते शब्द अग्निपरीक्षेशेजारी येतात आणि त्या शेजारानेच अर्थ फिरतो. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

'आझादी'चं मात्र दुःख होतं. झिया-उल-हक यांच्या राजवटीत पाकिस्तानी स्त्रियांनी दिलेली ही घोषणा स्त्रीवादी कार्यकर्त्या कमला भसीन यांनी भारतात आणली, वाढवली, पितृसत्तेविरुद्ध गाजवली. २०१६ मध्ये दिल्लीच्या जेएनयूतल्या विद्यार्थ्यांच्या घोषणा घेऊन संगीतकार डब शर्माने ट्रॅक केला. २०१९ मध्ये तो नव्या शब्दांसह 'गली बॉय' या हिंदी चित्रपटात आला. ठेका झकास आहे. भूक आहे, भेदभाव आहे. पण जिच्यासाठी घोषणा जन्मली ती बाईच तिथे नाही. रिमिक्सला शब्द बदलायचा हक्क आहेच, पण मूळ मागणी गाळून नुसता ताल उचलणं ही माझ्या लेखी चोरीच.

आज मोबाइलवरही गाण्यातला आवाज वेगळा काढता येतो, त्यामुळे असे प्रयोग वाढतील. ते करणाऱ्यांनी 'पारंपरिक' एवढंच लिहून हात झटकू नयेत. ओव्यांच्या त्या संग्रहात गाणारीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे. श्रेयनामावलीत तेही यायला हवं.