दंडाचे क्रियापद आणि उपचाराचे क्रियापद

कायद्याची भाषा हा केवळ विधिज्ञांच्या अभ्यासाचा विषय आहे, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः राज्यसंस्था कोणते कर्तव्य अटळ मानते आणि कोणते ऐच्छिक, याचा निर्णय पुष्कळदा एका क्रियापदात दडलेला असतो. १९८५ चा गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम या दृष्टीने वाचण्याजोगा आहे.

कलम २७ अन्वये हेरॉइनचे, म्हणजे गर्दचे, सेवन करणारास एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, वीस हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होतात. येथील वाक्य आज्ञार्थी आहे. उपचारकेंद्रांविषयीचे कलम ७१ मात्र शासनास योग्य वाटतील तितकी केंद्रे स्थापण्याची मुभा देते. स्थापलीच पाहिजेत, असे म्हणत नाही. १९८९ च्या दुरुस्तीने आलेल्या राष्ट्रीय निधीचे कलमही याच अनुज्ञार्थी वळणाचे आहे.

हा भेद व्याकरणापुरता राहत नाही. स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनास कलम ६४-अ खटल्यापासून संरक्षण देते; परंतु तो उपचार शासनाच्या अथवा स्थानिक संस्थेच्या, किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या रुग्णालयात वा संस्थेत घेतलेला असावा लागतो. ज्या तालुक्याच्या आसपास अशी संस्थाच नाही, तेथील रुग्णाच्या हाती कायद्याचा दंड तेवढा येतो. दया कागदावरच राहते.

पुण्यात ही उणीव लोकाश्रयाने काही अंशी भरून काढली. ती परंपरा येथे जुनी आहे. आज कर्वेनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या हिंगण्याच्या माळावर धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम नेला, तो दानाच्या जमिनीवर आणि वर्गणीच्या बळावर. त्याच वळणाची संस्था म्हणजे १९८६ साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू झालेले मुक्तांगण. डॉ. अनिता अवचट यांचे परिश्रम, अनिल अवचट यांचे ‘गर्द’वरील लेखन आणि पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांची देणगी यांतून ते उभे राहिले. शासनाने त्यास विभागीय प्रशिक्षण केंद्राचा दर्जा दिला, तो नंतर. समाज पुढे आणि शासन मागे, असा हा क्रम होता.

या क्रमाचे कौतुक करताना त्याची मर्यादा विसरता येत नाही. दात्याला इमारत दिसते. आवर्ती खर्च दिसत नाही. अफूजन्य पदार्थांचे व्यसन हा पुनःपुन्हा उलटणारा आजार आहे. शरीरातील विष उतरविणे हे काही दिवसांचे काम. परंतु ब्युप्रेनॉर्फिनसारखे औषध, समुपदेशन आणि पाठपुरावा कित्येकदा वर्षानुवर्षे चालू ठेवावा लागतो. त्यात खंड पडल्यास धोका उलट वाढतो, कारण सवय मोडलेल्या देहास पूर्वीचीच मात्रा प्राणघातक ठरू शकते. असे कार्य वर्गणीच्या भरती-ओहोटीवर सोपविता येत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा अधिनियमाने व्यसनजन्य मनोविकारांचा समावेश करून शासकीय उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला. ही भाषा निःसंशय पुढची आहे. परंतु हक्काच्या मागे निश्चित तरतूद नसेल, तर तोही शब्दच ठरतो. सार्वजनिक आरोग्य हा संविधानाने राज्याच्या सूचीत घातलेला विषय आहे. प्रत्येक जिल्ह्यात उपचारकेंद्र आणि त्यासाठी दरवर्षी ठराविक द्रव्य, एवढे दोन विषय आज्ञार्थी क्रियापदांत मांडणे महाराष्ट्राच्या विधिमंडळास अशक्य नाही. शिक्षा सांगताना जी भाषा कधी अडखळत नाही, ती उपचार सांगतानाही अडखळू नये.