इन्स्टॉलर आणि फोल्डरवरील विश्वास : एक चिकित्सा

विषाणूरोधक आज्ञावलीला संगणकाचा पहारेकरी मानले जाते. मात्र हा पहारेकरी ज्या दाराने आत येतो, त्या दाराची तपासणी क्वचितच होते. पुण्याच्या क्विक हील कंपनीच्या टोटल सिक्युरिटी या उत्पादनातील असाच दोष २०१८ मध्ये सीव्हीई-२०१८-८०९० या क्रमांकाने नोंदला गेला. अशा दोषात इन्स्टॉलर आवश्यक डीएलएल फाइल प्रथम स्वतःच्याच फोल्डरमध्ये शोधतो. तेथे इतरांना लिहिण्याची मुभा असल्यास त्याच नावाची बनावट फाइल प्रशासकाच्या अधिकाराने चालू शकते. म्हणून केवळ वापरकर्त्याच्या निष्काळजीपणाला दोष देणे अपुरे ठरते. निर्मात्यांनी प्रणालीच्या डीएलएल फाइली सिस्टिम फोल्डरमधूनच घ्याव्यात आणि महाविद्यालयीन प्रयोगशाळांनी सामायिक फोल्डरमधून इन्स्टॉलर चालवणे थांबवावे.