गोलाई, घाट आणि आखाडा : फावल्या वेळाचा मराठवाडी भूगोल

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वेगाडी लातूरला पोचली. दुसऱ्याच दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश दिला. त्या दिवसांतली चर्चा 'तहान की क्रिकेट' या प्रश्नाभोवती फिरली. नैतिक भूमिका म्हणून ती रास्तच होती. पण ज्या मैदानांवरून वाद झाला ती मुंबई, पुणे, नागपूरची होती; लातूरच्या वाट्याला त्या वादात फक्त तहान आली. तहानलेल्या शहरालाही संध्याकाळ असते, याची दखल क्वचितच घेतली गेली. खेळाची आणि विसाव्याची जागा कुणाच्या हक्काची, हा प्रश्न नांदेड आणि लातूर या दोन शहरांच्या संदर्भात तपासून पाहण्यासारखा आहे.

आधी शब्दांकडे पाहू. 'विरंगुळा' आपण ज्येष्ठांना देऊ केला. त्यांच्या केंद्रांवर तशा पाट्याही लावल्या. तरुणांच्या फावल्या वेळाला मात्र 'टाइमपास' आणि 'उंडारणे' हे शब्द उरले. बाईच्या निरुद्देश फिरण्याला तर प्रतिष्ठित शब्दच नाही. जी गोष्ट भाषेत संशयास्पद, तिला नकाशात जागा मिळणे अवघडच.

लातूरची गंजगोलाई १९१७ साली नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यातून उभी राहिली. मध्ये जगदंबेचे मंदिर, भोवती वर्तुळाकार बाजार आणि त्याला येऊन मिळणारे सोळा रस्ते. ही रचना व्यापारासाठी होती; पण दर्शन, खरेदी, गप्पा आणि नुसते रेंगाळणे यांत तिने भिंत घातली नाही. पुढे 'लातूर पॅटर्न'ने शहराची ओळख बदलली. बाहेरगावची हजारो मुले-मुली इथे शिकायला येऊ लागली. त्यांच्यासाठी वर्ग, वसतिगृहे, खानावळी उभ्या राहिल्या. मोकळ्या तासाचा विचार मात्र त्या अर्थव्यवस्थेत बसला नाही. गुणांच्या गणितात खेळायला गेलेला तास म्हणजे बुडालेला तास. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांवर पोसलेल्या शहराने त्याच वयाची भूक विसरावी, हा विरोधाभास आहे.

नांदेडची गोष्ट वेगळी. जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियानात निवडलेले ते मराठवाड्यातील एकमेव शहर. २००८ मधील गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने रस्ते, पूल, घाट, विमानतळ यांची कामे झाली आणि शहराचा चेहरा बदलला. हे श्रेय नाकारता येत नाही. पण सोहळ्यासाठी झालेल्या बांधणीची परीक्षा सोहळा संपल्यावर सुरू होते. १९९२ च्या ऑलिंपिकने बार्सिलोनाच्या लोकांना कारखाने आणि रेल्वेरुळांच्या आड गेलेला समुद्रकिनारा परत दिला. घरांच्या वाढत्या किमतींची तक्रार पुढे आली, तरी किनारा लोकांकडेच राहिला. गोदावरीचे घाट दगडाने बांधून झाले, पण पात्रात मिसळणारे सांडपाणी थांबले नाही. ज्या पाण्याजवळ नाक दाबून बसावे लागते, त्या घाटाला विसाव्याची जागा कसे म्हणावे? त्याउलट याच शहरातला होला मोहल्ला पाहावा. काही तासांपुरते रस्ते मिरवणुकीचे होतात; भक्ती, शस्त्रकौशल्य आणि तमाशबिनांची गर्दी एकत्र वाहते. तिकीट नाही, कुंपण नाही.

जत्रेचे गणितही असेच आहे. लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्या-गाढवांचा बाजार, तमाशा आणि कुस्तीचा फड मोकळ्या रानात उभे राहतात आणि यात्रा पांगली की रान पुन्हा रान होते. महाशिवरात्रीला लातूरच्या सिद्धेश्वर यात्रेतही कुस्त्या रंगतात. मल्ल घडवणारी ही माती. पण लातूर जिल्ह्यातले हरिश्चंद्र बिराजदार आणि काका पवार यांनी पुढच्या पिढ्या घडवल्या त्या पुण्याच्या तालमींत. म्हणजे हौस इथली, संस्था तिथली.

तरी जत्रेचे गोडवे जपूनच गावेत. फड पुरुषांचा होता आणि प्रेक्षकही बहुतांशी पुरुषच. बाईच्या वाट्याला देवदर्शन आणि हळदीकुंकू आले. 'जुने ते लोकांचे, नवे ते ठेकेदारांचे' ही विभागणी म्हणूनच फसवी आहे. नियोजनाचा दोष नवेपणात नाही, तर माणसे वेळ कसा घालवतात हे न पाहता आखणी करण्यात आहे. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली. घरे भक्कम झाली, रस्ते सरळ आणि रुंद झाले. पण एकमेकांना टेकलेले वाडे, बोळ, पार आणि ओटे त्या आखणीत हरवले. बसायची जागा आराखड्यात नसली की बसणेच संपते.

म्हणून उद्यान, घाट किंवा क्रीडासंकुल मोजताना चौरस मीटर आणि निधी पुरेसे नाहीत. उद्घाटनानंतर पाच वर्षांनी तिथे कोण येते? खिशात पैसे नसलेल्याला आत जाता येते का? एप्रिलच्या उन्हात सावली आणि प्यायला पाणी आहे का? आणि दिवेलागणीनंतर शिकवणीहून परतणारी मुलगी तिथे घटकाभर, कुणालाही कारण न सांगता, बसू शकते का? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'हो' येईल, तेव्हाच ते शहर खऱ्या अर्थाने नव्याने उभे राहिले असे म्हणता येईल.