अंगावरची दंतकथा : ‘कीव्हचे भूत’ आणि त्याची वस्त्रे

टी-शर्टवरील चित्राकडे समीक्षेचा विषय म्हणून पाहण्याची आपल्याकडे रीत नाही. पोवाडा, बखर, आख्यायिका यांची चिकित्सा आपण करतो. परंतु तेच काम आज पुष्कळदा छापील सुती कापड करीत असते, याकडे आपले लक्ष जात नाही. युक्रेनच्या युद्धातून जन्मलेली एक दंतकथा आणि तिच्यावरून निघालेली वस्त्रे यांचा विचार आम्ही येथे करू इच्छितो. या वस्त्रांत बरेचसे उथळ आहे. तरीही थोडे असे आहे की ज्याची दखल घेणे आवश्यक वाटते.

प्रथम दंतकथेचा वृत्तान्त. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर पूर्ण बळाने आक्रमण केले. पहिल्या तीसेक तासांतच अशी वार्ता पसरली की, राजधानी कीव्हच्या आकाशात मिग-२९ विमानाच्या एकट्या वैमानिकाने शत्रूची सहा विमाने पाडली. त्याचे नाव कोणास ठाऊक नव्हते. लोकांनी त्याला ‘प्रिव्हीद कीयेवा’ म्हटले; इंग्रजीत तो ‘घोस्ट ऑफ कीव्ह’ झाला. त्याच्या पराक्रमाची म्हणून जी चित्रफीत लक्षावधी लोकांनी पाहिली, ती ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’ नावाच्या संगणकीय खेळातून घेतलेली होती. माजी राष्ट्राध्यक्ष पोरोशेंको यांनी त्याचे म्हणून प्रसिद्ध केलेले छायाचित्र २०१९ चे निघाले. एप्रिलअखेर काही वृत्तपत्रांनी हा वीर म्हणजे १३ मार्च रोजी धारातीर्थी पडलेला २९ वर्षांचा मेजर स्तेपान ताराबाल्का होय, असे छापले आणि त्याच्या नावावर चाळीस विमाने मांडली. तेव्हा ३० एप्रिल २०२२ रोजी युक्रेनच्या हवाई दलानेच खुलासा केला : ताराबाल्का हा ते ‘भूत’ नव्हे, ‘कीव्हचे भूत’ ही लोकांनी घडवलेली वीरकथा असून राजधानीचे आकाश राखणाऱ्या चाळिसाव्या ब्रिगेडच्या वैमानिकांची ती सामूहिक प्रतिमा आहे.

हा खुलासा होईपर्यंत वस्त्रे बाजारात येऊन चुकली होती आणि खुलाशानंतरही ती थांबली नाहीत. टी-शर्ट, हुडी, टोप्या, बाहीवर शिवायच्या कापडी बिल्ल्या असा त्यांचा पसारा आहे. त्यांवरील चित्रांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिल्यात काळ्या काचेचे शिरस्त्राण आणि प्राणवायूचा मुखवटा घातलेला वैमानिक असतो. चेहऱ्याच्या जागी अंधार, कधी कवटी. दुसऱ्यात मिग-२९ ची आकृती, पाठीशी निळा-पिवळा ध्वज किंवा त्रिशूळाचे राजचिन्ह. तिसऱ्या प्रकारात पाडलेल्या विमानांची मोजदाद असते : ओळीने मांडलेल्या लहान लहान विमानाकृती किंवा नुसता आकडा.

यांतला पहिला प्रकार आम्हांस सर्वांत सरस वाटतो. कवटीची भर वगळली, तर चेहरा न दाखवणारे ते शिरस्त्राण दंतकथेच्या सत्याशी आपोआपच इमान राखते. जो एक माणूस नव्हताच, त्याला एक चेहरा देणे हेच खोटे ठरले असते. चित्रकारांनी ती काळी काच गूढतेसाठी रंगवली असेल. परंतु हवाई दलाच्या खुलाशानंतर तिच्यात अनेकांचे चेहरे मावतात. मराठीत ‘भूत’ म्हणजे पिशाच्च आणि ‘भूत’ म्हणजे होऊन गेलेलेही. या दुसऱ्या अर्थाने ते शिरस्त्राण होऊन गेलेल्या पुष्कळांचे आहे.

दुसऱ्या प्रकारात एक विरोधाभास दडलेला आहे. ज्या विमानाची आकृती युक्रेनी प्रतिकाराची खूण म्हणून छातीवर मिरवली जाते, ते मिग-२९ सोव्हिएत काळात मॉस्कोच्या रचनाकारांनी घडवलेले. १९७७ मध्ये ते प्रथम उडाले आणि १९९१ नंतर युक्रेनला वारशात मिळाले. याच कुळातील मिग-२९के विमाने आपल्या नौदलाने २०१० मध्ये दाभोळीच्या ‘हंसा’ तळावर दाखल करून घेतली. म्हणून गोव्यातील वाचकांना ती आकृती सहज ओळखू येईल. आक्रमकाच्या कारखान्यातून आलेल्या यंत्रानेच आक्रमकाशी झुंजावे लागणे, ही या युद्धाची खरी शोकांतिका. वस्त्रांवरील चकचकीत आकृतीत तिचा मागमूसही नाही. ज्या चित्रांत युक्रेनी हवाई दलाची चौकोनी ठिपक्यांची रंगसंगती जशीच्या तशी उतरवली आहे, तेथे निदान ते विमान कोणाचे झाले आहे, हे तरी कळते.

वस्त्रावरील अक्षरांचाही विचार करावयास हवा. बहुतेक ठिकाणी नाव इंग्रजीत आहे. म्हणजे हे कापड परदेशीयांशी बोलू पाहते. मात्र त्या इंग्रजीतही शहराचे नाव रशियन वळणाने ‘किएव्ह’ न लिहिता युक्रेनी उच्चाराप्रमाणे ‘कीव्ह’ असे लिहिलेले असते. या एका अक्षरभेदासाठी युक्रेनच्या परराष्ट्र खात्याने २०१८ पासून जगभर मोहीम चालवली होती. गावाचे नाव कोणत्या वळणाने लिहावे यावर माणसे किती तळमळतात, हे बेळगावकडील वाचकांना सांगण्याची गरज नाही. निर्वासितांच्या वार्तांनी भरलेल्या त्या दिवसांत दूरदेशीच्या कित्येकांना हे शुद्धलेखन या कापडानेही शिकवले असेल, तर तेवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

तिसऱ्या, मोजदादीच्या प्रकाराबद्दल मात्र आमचे मत प्रतिकूल आहे. दुसऱ्या महायुद्धातील इव्हान कोझेदूब हा युक्रेनमध्ये जन्मलेला सोव्हिएत वैमानिक. त्याच्या नावावर साठाहून अधिक विमाने नोंदली गेली आणि खार्किव्हच्या हवाई दल विद्यापीठाला त्याचे नाव आहे. त्याच्या आकड्यामागे माणूस आहे, तारखा आहेत, दप्तर आहे. ‘भुता’चा आकडा मात्र सहावरून दहावर आणि दहावरून चाळिसावर गेला. दंतकथेत अतिशयोक्ती शोभते. पण मोजून दाखवलेली अतिशयोक्ती ही दंतकथा राहत नाही, ती खोटी नोंद होते. शिवाय त्या चाळिसांच्या आकड्याखाली ताराबाल्का हा खरा माणूस झाकला जातो. त्याला ‘युक्रेनचा वीर’ हा सर्वोच्च किताब मरणोत्तर मिळाला. तो कोणाच्या कल्पनेच्या आधारावर मिळालेला नव्हता.

येथेच आमचा मुख्य आक्षेप आहे. युद्धाची आठवण वस्त्रात जपण्याची युक्रेनची परंपरा या छापील कापडाहून फार जुनी आहे. तेर्नोपिल प्रांतातील बोर्श्चिव्हचे पारंपरिक सदरे पाहावेत : बाह्यांवर काळ्या लोकरी धाग्याचे इतके दाट भरतकाम, की पांढरे कापड दिसेनासे व्हावे. त्यामागे अशी आख्यायिका सांगतात की, परचक्रात गावांतील पुरुष मारले गेले आणि स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या काळा धागा वापरून शोक पाळला. ही आख्यायिकाही इतिहासाच्या कसोटीला उतरेलच असे नाही. तरी तिची आणि ‘कीव्हच्या भुता’ची तुलना बोलकी आहे. बोर्श्चिव्हच्या सदऱ्यावर मारणारा नाही, मेलेलाही नाही; तेथे मागे राहिलेली आहे. टी-शर्टावर केवळ जिंकणारा आहे. पहिल्या वस्त्राने दुःख पोटात घेतले, दुसऱ्याला दुःखाची जाणीवच नाही.

कोणी म्हणेल, युद्धाच्या पहिल्या आठवड्यात, शहर पडणार असे सारे जग म्हणत असता, शोकाचे भरतकाम कोण करीत बसणार? हा युक्तिवाद आम्हांस मान्य आहे. त्या क्षणी धीर हवा होता आणि धीर देणारी प्रतिमा एका रात्रीत छापावी लागते. या घाईचा चांगला उपयोगही झाला. त्याच सुमारास क्षेपणास्त्र हाती घेतलेल्या संतमातेच्या चित्रावरून ‘सेंट जॅव्हेलिन’ हा उपक्रम कॅनडातून उभा राहिला आणि अशा वस्तूंच्या विक्रीतून त्याने युक्रेनच्या साहाय्यासाठी दहा लाख डॉलरांहून अधिक निधी जमवला. परंतु तेच चित्र उचलून स्वतःचा गल्ला भरणारेही असतातच, आणि कापडाकडे पाहून ग्राहकाला दोहोंतला फरक कळत नाही. पैसा कोठे जातो हे वस्त्रावर लिहिलेले असणे, हा या कलाप्रकाराच्या नीतीचा भाग मानावा, असे आम्ही सुचवतो.

त्या पहिल्या आठवड्याला आता वर्षे लोटली आहेत. चाळिसाव्या ब्रिगेडमधलाच अँद्री पिल्श्चिकोव्ह ‘ज्यूस’ या सांकेतिक नावाने जगापुढे बोलला. आपल्याकडील जुनी विमाने पुरी पडत नाहीत, एफ-१६ द्या, असे तो मागत राहिला. २५ ऑगस्ट २०२३ रोजी झितोमिर प्रांतात सरावाच्या दोन विमानांची टक्कर होऊन तो आणि आणखी दोन वैमानिक मरण पावले. युक्रेनच्या हाती एफ-१६ आल्याचे ऑगस्ट २०२४ मध्ये जाहीर झाले. अजिंक्य भुताला नव्या विमानांची गरज नसते, पिल्श्चिकोव्हला होती. दंतकथा अंगावर घालून हिंडणाऱ्याला ही गरज दिसत नाही, आणि वीर अजिंक्य आहे असे एकदा ठरले की त्याला मदत करण्याची निकड कमी होते. छापील वीरप्रतिमेचा हा धोका आम्हांस सौंदर्याच्या उणिवेपेक्षा गंभीर वाटतो.

म्हणून या वस्त्रांतून निवड करावयाची झाल्यास आम्ही आकडे आणि कवट्या बाजूला सारू व ते रिकामे शिरस्त्राण ठेवू. त्याच्याखाली किंवा आतल्या बाजूस, कॉलरीशी, एखाद्या खऱ्या वैमानिकाचे नाव आणि त्याच्या मृत्यूची तारीख काळ्या धाग्याने भरलेली असावी. बाहेरून दंतकथा दिसेल आणि अंगाशी माणूस राहील. असे वस्त्र कोणी केले, तर बोर्श्चिव्हच्या स्त्रियांनाही ते आपल्या कुळातले वाटेल.