मौनाचा अर्थ कोणी लावावयाचा?

विजय तेंडुलकर यांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. त्यातील मध्यमवर्गीय दंभाच्या चित्रणाविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात भर घालण्याचा आमचा हेतू नाही. न्यायासनापुढे उभ्या असलेल्या स्त्रीच्या मौनाचा अर्थ कोणी आणि कसा लावावयाचा, या एकाच प्रश्नाच्या अनुषंगाने आम्हांस या नाटकाकडे पुन्हा वळावयाचे आहे.

नाटकाची नायिका लीला बेणारे ही शिक्षिका आहे. खेड्यात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालविण्यासाठी एक लटका खटला उभा करतात, तिला आरोपी करतात आणि तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात. लटके हळूहळू खरे होत जाते, आणि खेळकर बेणारे अबोल होते. अखेरीस तिला बोलण्यास अवघे दहा सेकंद मिळतात. तिचे दीर्घ स्वगत चालू असता बाकीची सर्व पात्रे जागच्या जागी थिजलेली असतात. म्हणजे ती बोलते, परंतु कोर्ट ऐकत नाही; ऐकतो तो प्रेक्षक. ही योजना निःसंशय प्रभावी आहे. तथापि तीत प्रेक्षकाची एक सोयही झाली आहे, असे आमचे मत आहे. आपण ऐकणाऱ्यांपैकी आहोत, त्या कोर्टातले नव्हेत, अशा समजुतीने तो समाधानाने घरी जातो. शिवाय बेणारेचे दुःख त्याच्याच शिष्ट मराठीत मांडलेले असते. जिला अशी भाषा नाही, आणि जिच्यासाठी कोणी स्वगत लिहिलेले नाही, तिचे काय?

या प्रश्नाचे उत्तर पुढील दशकातील एका न्यायपत्रात सापडते. आमच्या उटनूरच्या ईशान्येस, त्या काळच्या चंद्रपूर व आजच्या गडचिरोली जिल्ह्यात देसाईगंज हे गाव आहे. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार झाली. आरोपी त्याच ठाण्यातील दोन शिपाई होते. मुलीचे वय चौदा ते सोळा वर्षांचे होते. तिचे नाव खटल्याबरोबर देशभर झाले. आम्ही ते येथे लिहीत नाही.

या एकाच प्रसंगाचे तीन न्यायालयांनी तीन प्रकारे वाचन केले. १९७४ साली चंद्रपूरच्या सत्र न्यायालयाने मुलीला खोटे बोलणारी ठरवून आरोपींना सोडले. १९७६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी धरले. भयाने निमूटपणे शरण जाणे आणि संमती देणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, असा त्या न्यायालयाचा आशय होता. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. अंगावर इजेच्या खुणा नाहीत आणि आरडाओरड झाली नाही, यावरून प्रतिकार नव्हता, असा अर्थ काढण्यात आला. साहित्याचे अभ्यासक म्हणून आम्हांस उच्च न्यायालयाचे वाचन श्रेष्ठ वाटते. शब्द कोठे उच्चारला, कोणासमोर उच्चारला, हे पाहिल्यावाचून आपण अर्थ लावीत नाही. मग मौनालाच संदर्भ का नसावा? रात्रीचे ठाणे, दिवे मालवलेले, समोर गणवेशातील पुरुष, हा त्या मौनाचा संदर्भ होता.

१९७९ साली उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि पुण्याच्या वसुधा धागमवार या चार विधिज्ञांनी सरन्यायाधीशांस अनावृत पत्र लिहिले. देशभर स्त्रियांचे आंदोलन उभे राहिले. १९८३ साली कायदा बदलला: कोठडीतील अत्याचाराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर, स्त्रीने संमती नव्हती असे सांगितल्यास न्यायालयाने तसेच गृहीत धरावयाचे ठरले. केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती मानता येणार नाही, हे स्पष्टीकरण मात्र २०१३ साली आले.

मुलगी ओरडली असती तर न्याय मिळाला असता, असे कोणी म्हणेल. त्याने अमेरिकेतील रेसी टेलर या कृष्णवर्णीय स्त्रीचे उदाहरण पाहावे. १९४४ साली अलाबामा राज्यात गोऱ्या तरुणांनी तिच्यावर अत्याचार केला. ती गप्प राहिली नाही. चौकशीस रोझा पार्क्स धावून गेल्या. एका आरोपीने कबुलीही दिली. तरीही दोन वेळा ज्यूरीने खटला भरण्यास नकार दिला. राज्याच्या विधिमंडळाने क्षमा मागितली ती २०११ साली. एक गप्प राहिली, एक बोलली. दोघींच्या वाट्याला एकच आले. तेव्हा दोष मौनात नसून ऐकणाऱ्यात आहे.

हे आम्ही दुसऱ्यांस सांगत आहोत असे नव्हे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी वर्गातील फीचे पैसे नाहीसे झाले, तेव्हा आम्ही एका गोंड मुलीस बोलावून विचारले. ती खाली मान घालून उभी राहिली. आम्ही तेलुगूत विचारले, मराठीत विचारले. तिची भाषा गोंडी. तिचे गप्प राहणे हीच कबुली समजून आम्ही तिला घरी पाठविले. चार दिवसांनी पैसे हजेरीपटाच्या पुठ्ठ्यात सापडले. मुलगी शाळेत परत आली नाही. तिच्या गुड्यावर जाऊन आम्ही तिच्या वडिलांची क्षमा मागितली. तेही काही बोलले नाहीत. त्या मौनाचाही अर्थ लावण्याचा अधिकार आम्हांस उरला नव्हता.

म्हणून आमची सूचना एवढीच, की तेंडुलकरांचे हे नाटक वर्गात शिकविताना त्याच्या शेजारी १९७८ चे न्यायपत्र ठेवावे. स्वगताच्या वेळी रंगमंचावर थिजलेल्या पात्रांत आपण स्वतः कोठे बसलो आहोत, हे शिक्षकाने आधी स्वतःस विचारावे, आणि मग विद्यार्थ्यांस.